सायकलची शिदोरी

प्रवासाला निघताना शिदोरी बांधून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. भाकरी, चटणी, कांदा आणि फार तर दोन लाडू फडक्यात बांधले की जाणारा आणि पाठवणारा दोघेही निर्धास्त होतात. परंतु आपण ज्या वाहनावरून जाणार त्याचीही काही शिदोरी असावी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एस.टी.ने जाणाऱ्याला ती काळजी नसते. सायकलवाल्याचे तसे नाही. सायकल चालते तोवर ती त्याला वाहून नेते आणि अडली की त्याने तिला वाहायचे असते! म्हणून या सायकलच्या शिदोरीविषयी, थोड्या पुस्तकी माहितीवरून आणि बऱ्याचशा फजितीवरून, चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

मी जांब समर्थचा. घनसावंगी तालुक्यातील हे गाव म्हणजे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८ साली रामनवमीला त्यांचा येथे जन्म झाला आणि १६८२ साली माघ वद्य नवमीला त्यांनी सज्जनगडावर देह ठेवला. ती तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते. जन्म आमच्या गावी आणि समाधी सातारा जिल्ह्यात, तेव्हा ही वाट एकदा सायकलने तुडवावी असे आम्हा चौघा मित्रांच्या मनात आले. जांबहून शहागडला गोदावरी ओलांडायची, गेवराई, बीड, मांजरसुंब्याचा घाट, चौसाळा, येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मग म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव आणि सातारा. अंतर चारशे किलोमीटरच्या पुढे. पाच दिवसांचा बेत आखला आणि दासनवमीच्या आदल्या संध्याकाळी गडावर पोहोचायचे ठरवले.

लग्नमंडपात ‘सावधान’ हा शब्द ऐकताच नारायण बोहल्यावरून निघून गेला, अशी परंपरागत कथा आहे. आम्ही त्याच गावचे असूनही सावधपणाच्या बाबतीत आमची पाटी कोरीच होती.

चौघांपैकी तिघांच्या सायकली गिअरच्या, नव्या धर्तीच्या. माझी मात्र वडिलांची काळी, दांडीची, माझ्याहून वयाने मोठी. वडिलांनी ती देताना एक अट घातली, “महिनाभर मिस्त्रीच्या दुकानात बस. पंक्चर काढता आलं तर ने.” आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, परंतु पान्हा धरणारा काही पहिला नव्हे. तेव्हा ही परीक्षा नापास होणे शक्य नव्हते. रोज संध्याकाळी मी दुकानात बसू लागलो.

पहिल्या आठवड्यातच मी आवश्यक सामानाची एक मोठी यादी करून मिस्त्रीकाकांपुढे ठेवली. मोबाइलवर पाहून पाहून ती बत्तीस कलमांपर्यंत गेली होती. काकांनी ती वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अरे लेका, सामान सगळं नेशील, पण हात कुठं ठेवून जाशील?” या एका वाक्याचा अर्थ मला पुढे पंढरपूरच्या वाटेवर कळला.

वर्तमानपत्रात लांबच्या सायकल-प्रवासाची जी वर्णने येतात, ती दोन प्रकारची असतात, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. अशा शर्यतीत स्पर्धकाच्या मागे गाडी असते, गाडीत जादा चाके असतात आणि मदतनीस असतात. याउलट मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तरुण १९२३ साली आपल्या साथीदारांसह सायकलवर निघाले आणि सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास करून १९२८ साली परतले. पुण्याची वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली. निघाली तेव्हा ती माझ्याच वयाची, म्हणजे एकोणीस वर्षांची होती. या दुसऱ्या प्रकारच्या प्रवासात मागे गाडी नसते, फक्त कॅरिअरवर पिशवी असते. आपला प्रवास कितीही छोटा असला तरी जात याच प्रकारची. तेव्हा या पिशवीचा विचार करू.

कोणतीही वस्तू पिशवीत घालण्यापूर्वी तिला तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू वाटेत बिघडण्याचा संभव किती? बिघडली तर सायकल अडते काय? आणि अडली तर ती पुढच्या गावात मिळते काय? मडगार्ड खिळखिळे होते, पण सायकल अडत नाही. पायडल मोडले तर अडते, परंतु साधे पायडल तालुक्याच्या गावी मिळते. ज्या वस्तूच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांना ‘होय’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ असे उत्तर येते, ती आधी घ्यावी. या कसोटीवर माझी बत्तीस कलमांची यादी पंधरा-सोळांवर आली.

आता ट्यूब आणि टायर. दर सायकलीमागे एक नवी ट्यूब पाहिजेच. परंतु येथे मापांचा मोठा घोटाळा आहे. काळ्या सायकलीच्या टायरवर २८ × १½ असे लिहिलेले असते. टायर ज्या जागी रिमवर बसतो तेथील व्यास ६३५ मिलिमीटर असतो. गिअरच्या मोठ्या सायकलीवर २९ किंवा ७०० असा आकडा असतो आणि तिचा तोच व्यास ६२२ मिलिमीटर असतो. म्हणजे आकडा एकोणतिसाचा आणि रिम अठ्ठाविसाहून लहान! सव्विसाची गत याहून न्यारी. २६ × १⅜ या जुन्या लेडीज सायकलीचा व्यास ५९०, तर जाड टायरच्या २६ × १.९५ चा ५५९. दुकानदाराला नुसते ‘सव्वीसचा टायर द्या’ म्हटले तर त्याने दिलेला टायर आपल्या चाकावर बसेलच असे नाही. यावर उपाय सोपा आहे. टायरच्या कडेवर बारीक अक्षरात ३७-६२२ अशासारखी एक जोडी छापलेली असते. तीतला दुसरा आकडा जुळला पाहिजे. तो वहीत लिहून ठेवावा. ट्यूब रबराची असल्यामुळे थोडेफार इकडेतिकडे चालवून घेते. टायर मुळीच घेत नाही.

दुसरा घोटाळा वॉल्व्हचा. काळ्या सायकलीच्या वॉल्व्हमध्ये एक बारीक रबरी नळी चढवलेली असते. दुकानात तिला वॉल्व्ह रबर म्हणतात. गिअरच्या बहुतेक सायकलींचा वॉल्व्ह मोटारसायकलसारखा असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. महागड्या सायकलींना याहून बारीक अशी तिसरी जात असते. तिच्यासाठी छोटी पितळी टोपी जवळ बाळगावी लागते. चौघांत दोन जातींचे वॉल्व्ह असतील तर पंप दोन्हींना लागतो की नाही, हे घरीच पाहावे. पहिल्याच दिवशी गेवराईच्या अलीकडे माझे पुढचे चाक बसले. ट्यूब बाहेर काढली, बाटलीतले पाणी ओतून ओतून तपासली, पंक्चर सापडेना. अर्धा तास गेल्यावर काकांचे शब्द आठवले, “आधी वॉल्व्ह बघावा.” रबर उन्हाने चिरले होते. बोटभर रबर पिशवीत होते, ते चढवले आणि दोन मिनिटांत निघालो. पिशवीतील सर्वांत स्वस्त वस्तूच पहिल्यांदा उपयोगी पडली.

पंक्चरविषयी मात्र अधिक सांगितले पाहिजे, कारण आपल्या मराठवाड्यात बाभूळ आणि वेडी बाभूळ या दोघी बहिणी रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या असतात. रस्त्यावरून उतरून सावलीत सायकल उभी केली की काटा शिरलाच म्हणून समजावे. सायकल सावलीत टेकायची असेल तर शेवटची चार पावले उचलून न्यावी. पंक्चरसाठी सोल्यूशन, ठिगळे, पॉलिश पेपरचा तुकडा आणि टायर उतरवायच्या दोन पट्ट्या लागतात. पट्टीऐवजी स्क्रू-ड्रायव्हर वापरणारे महाभाग एक पंक्चर काढताना दुसरे करून ठेवतात. सोल्यूशनची ट्यूब एकदा फोडली की काही आठवड्यांत आतल्या आत वाळून जाते. म्हणून न फोडलेली नवी न्यावी.

ठिगळ का निघते, याचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. सोल्यूशन म्हणजे उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेले रबर. तो द्रव उडून गेल्यावरच मागे राहिलेले रबर ठिगळाला घट्ट धरते. आपण घाईने ओल्यावरच ठिगळ दाबतो. द्रव आत कोंडतो आणि पाच-दहा किलोमीटरवर ठिगळ सुटते. म्हणून ट्यूब घासून खरखरीत करावी, सोल्यूशन पातळ पसरावे, पाच मिनिटे थांबावे, आणि मग ठिगळ जोराने दाबावे. फुंकर मारून वाळवू नये, तोंडाची वाफ लागते. त्या पाच मिनिटांत टायरच्या आतून फडके फिरवून काटा शोधावा. काटा तसाच राहिला तर नवी ट्यूबही त्याच्याच स्वाधीन होते. टायरला चीर गेली असेल तर आतून जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा लावावा. असा एक तुकडा पिशवीत असावा; तो फुकट मिळतो.

चेनच्या बाबतीत निघण्यापूर्वीचीच तपासणी महत्त्वाची. चेनच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते, त्यामुळे नवी चेन पट्टीवर ताणून धरली तर बारा इंचांवर पिन नेमकी येते. तीच पिन अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे सरकली असेल तर चेन बदलण्याची वेळ झाली. पूर्ण एक सूत सरकली असेल तर तिने दातेही खाल्ले असण्याचा संभव असतो. वाटेसाठी चेनचे चार दुवे आणि एक जोडकडी पुरे. परंतु काळ्या सायकलीची चेन रुंद आणि गिअरची अरुंद असते. जास्त गिअर असतील तर आणखी अरुंद. एकाची कडी दुसऱ्याला चालत नाही. पिन ठोकून काढायचे छोटे यंत्र मिळते, ते चौघांत एक असावे.

आता ती पंढरपूरची वाट. तिसऱ्या दिवशी कुर्डुवाडी मागे टाकली. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन चाललेले, रस्त्याच्या कडेला खड्डे. एका मित्राच्या मागच्या चाकातून ‘टण्ण’ असा आवाज आला आणि चाक ब्रेकला घासू लागले. चेनच्या बाजूचा स्पोक तुटला होता.

स्पोक बहुधा याच बाजूचे का तुटतात? गिअरचे दाते सामावण्यासाठी मागच्या चाकाची त्या बाजूची थाळी आत सरकवलेली असते. चाक मधोमध राहावे म्हणून त्या बाजूचे स्पोक अधिक ताणलेले असतात. शिवाय माणसाचे आणि सामानाचे बहुतेक ओझे मागच्याच चाकावर. त्यामुळे तुटण्याचा पहिला मान त्यांचा. हे आम्हाला ठाऊक होते आणि आम्ही चार जादा स्पोक घेतलेही होते. दांडीला चिकटपट्टीने बांधलेले ते चार स्पोक मोठ्या ऐटीने सोडले आणि लावून पाहिले, तर लांब! विकत घेताना पुढच्या चाकाचा स्पोक नमुन्याला नेला होता. मागच्या चाकाचे, त्यातही चेनच्या बाजूचे, स्पोक काही मिलिमीटरने आखूड असतात. लांब स्पोकचे टोक निपलमधून वर येऊन ट्यूबला टोचते. बरे, माप बरोबर असते तरी उपयोग नव्हता. दात्यांचा गठ्ठा उतरवल्याखेरीज त्या बाजूला स्पोक घालता येत नाही, आणि तो उतरवण्याचा पान्हा आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. वीस-पंचवीस रुपयांचे स्पोक आम्ही जांबपासून तीनशे किलोमीटरच्या आसपास नुसते मिरवत आणले होते.

काकांनी शिकवलेले मग उपयोगी पडले. तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळला, म्हणजे तो कशात अडकू नये. चाक जेथे ओढले गेले होते तेथील विरुद्ध बाजूचे शेजारचे दोन स्पोक निपलच्या चावीने अर्धा-अर्धा आटा ढिले केले, म्हणजे चाकाचा आऊट कमी झाला. मागचा ब्रेक मोकळा केला. त्याचे सगळे सामान माझ्या काळ्या सायकलीच्या कॅरिअरवर आले आणि आम्ही हळूहळू पंढरपूर गाठले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडेपर्यंत थांबणे, गठ्ठा उतरवणे, मापाचा स्पोक शोधणे, चाक सरळ करणे यात दुपार झाली. परिणाम असा, की आदल्या संध्याकाळी गडावर पोहोचायचे ते आम्ही दासनवमीच्या दुपारी पोहोचलो. सकाळ हुकली. तो मित्र आईला शब्द देऊन निघाला होता की दासनवमीची सकाळ समाधीपाशी घालवीन. त्याने आम्हाला काही बोलून दाखवले नाही, पण पायऱ्या चढताना तो गप्प होता. स्पोक विकत घ्यायला मी गेलो होतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

यावरून मी एक नियम केला आहे. जी वस्तू आपण घरी एकदा आपल्या हाताने लावून आणि काढून पाहिलेली नाही, ती पिशवीत नुसते वजन असते. ट्यूब एकदा घालून पाहावी. स्पोक तीन मापांचे घ्यावेत: पुढचा, मागचा डावा आणि मागचा उजवा, आणि गठ्ठा उतरवण्याचा पान्हा बरोबर घ्यावा.

गिअरच्या सायकलीसाठी आणखी तीन वस्तू सांगतो. गिअरची केबल आणि ब्रेकची केबल या वेगळ्या असतात. ब्रेकची जाड, गिअरची बारीक. प्रत्येकी एक असावी. डिस्क ब्रेक असेल तर त्याचे पॅड जोडीने घ्यावेत. त्यांचे आकार इतके निरनिराळे आहेत की आपल्याला हवा तो खेड्यात मिळण्याची आशा नको. तिसरी वस्तू म्हणजे मागचे गिअरयंत्र ज्याला अडकवलेले असते तो ॲल्युमिनियमचा छोटा कान. सायकल पडली तर सांगाडा वाचावा म्हणून तो मुद्दामच नरम केलेला असतो आणि जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. जिल्ह्याच्या ठिकाणीही तो हमखास मिळत नाही. वजनाने सुपारीएवढा, पण तो नसेल तर गिअर गेलेच. मग चेन तोडून आखूड करायची आणि एकाच दात्यावर चालवत न्यायची, एवढेच हाती राहते.

काळ्या सायकलीसाठी वॉल्व्ह रबर, एक कॉटर पिन, ब्रेकची रबरे आणि काही छर्रे पुरतात. पुढच्या चाकाचे छर्रे ३⁄१६ इंची, मागच्या चाकाचे पाव इंची. आगपेटीत ग्रीसमध्ये बुडवून ठेवले की झाले. तरीही छर्रे बदलण्याची पाळी वाटेत येऊच नये. निघण्यापूर्वी आठ दिवस सायकल खोलून वंगण करावे आणि मग शंभर किलोमीटर चालवून पाहावी. आदल्या दिवशी दुरुस्त केलेली सायकल दुसऱ्या दिवशी दूरच्या प्रवासाला नेऊ नये. सैल राहिलेला नट पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये आपले नाव सांगतो.

हत्यारांत आपल्या सायकलीला लागतील तेवढेच पान्हे, ॲलन की, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि निपलची चावी. याशिवाय किरकोळ म्हणून ज्या वस्तू आपण हसून बाजूला टाकतो, त्या सर्वांत कामाच्या: दोन हात बांधणीची तार, चिकटपट्टी, सुतळी, जुन्या ट्यूबच्या कापलेल्या रबरी पट्ट्या, तीन-चार नटबोल्ट, जाड सुई-दोरा, फडके आणि होमिओपॅथीच्या बाटलीत तेल. माझे कॅरिअर दहिवडीच्या अलीकडे एका बाजूने तुटले. सज्जनगड आणि परतीचा सगळा प्रवास ते तारेवर आणि रबरी पट्टीवर तगले. या सगळ्याचे वजन पंपासह अडीच-तीन किलोंच्या वर जाऊ नये. पिशवी कपड्यांच्या खाली पुरून ठेवू नये, कारण पंक्चर पाऊस बघून येत नाही.

आता थोडे अवांतर, परंतु मला ते अवांतर वाटत नाही. या प्रवासात वाटेतल्या गावांतून मी सायकलची दुकाने पाहत गेलो. बहुतेकांच्या दारात मोटारसायकली उभ्या होत्या आणि सायकलचे सामान कोपऱ्यातल्या एका डब्यात गेले होते. आमच्या काकांच्या दुकानातही तेच आहे. एके काळी गावोगाव सायकली भाड्याने मिळत आणि गावोगाव मिस्त्री असे. तेव्हा सायकलवाल्याची पिशवी लहान असली तरी भागे, कारण अर्धी पिशवी वाटेवरच्या दुकानांत ठेवलेली असे. ती दुकाने कमी झाली, सायकली मात्र नाना मापांच्या झाल्या. म्हणून आज पिशवी मोठी लागते आणि हातही अधिक शिकलेले लागतात. मोबाइल दुकानाचा रस्ता दाखवतो. दुकानातल्या डब्यात आपल्या मापाचा स्पोक आहे की नाही, हे दाखवत नाही.

१९१३ सालच्या फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीतील एक हकीकत येथे आठवते. युजेन क्रिस्तोफ या स्पर्धकाच्या सायकलीचा पुढचा फोर्क डोंगर उतरताना मोडला. त्या काळी नियम असा, की दुरुस्ती ज्याची त्यानेच करायची. सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत एका खेड्यात गेला आणि लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः फोर्क सांधला. एका पोराने भाता हलवला, तर तेवढ्या मदतीबद्दलही पंचांनी त्याला दंड केला! आपल्याला असा दंड करणारे कोणी नाही, हे आपले भाग्य. आम्हाला वाटेत ज्याने त्याने भाता हलवू लागला. कोणी पाणी दिले, कोणी वाहनांच्या दिव्यांचा उजेड धरला, एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने पक्कड दिली. पण भट्टीपुढे उभे राहून काम करणारा हात आपलाच असावा लागतो.

घरी परतलो तेव्हा वडिलांनी प्रवासाचे काही विचारले नाही. त्यांनी सायकल उलटी केली, मागचे चाक फिरवले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “आऊट नाही.” आमच्या घरी याला शाबासकी म्हणतात.

शेवटी एक विनंती. कॉलेजच्या सायकल स्टँडपाशी कडुलिंबाखाली पुष्कळ जागा आहे. जिमखान्याने एक पंप, दोन पान्हे आणि सोल्यूशनची एक ट्यूब तेथे ठेवावी. दर शनिवारी दुपारच्या तासानंतर मी तेथे असेन. ज्यांना पंक्चर काढायला शिकायचे आहे त्यांनी आपापली सायकल घेऊन यावे. पंक्चर नसेल तर आपण करू. बाभळीचे झाड जवळच आहे.